आयर्विनला किती? सांगलीच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सांगलीच्या पुलांचा, घाटांचा आणि पुराचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी

स. न. वि. वि.

जुलै लागला की आमच्या गावात ख्यालीखुशाली विचारायची रीत बदलते. 'काय, बरं हाय का?' मागे पडतं आणि 'आयर्विनला किती?' सुरू होतं. उत्तरही ठरलेलं, दोन आकड्यांचं. 'एकोणचाळीस, चार.' म्हणजे एकोणचाळीस फूट चार इंच. भाजीवाली विचारते, बँकेतला कॅशियर विचारतो, पुण्याला आणि दुबईला गेलेली पोरं फोनवर आईची तब्येत नंतर आणि आयर्विन आधी विचारतात. या प्रश्नात पूल हा शब्द नाही, पाणी हा शब्द नाही, कृष्णाही नाही. तरी लहान पोरालाही कळतं काय विचारलंय ते: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या खांबावर रंगवलेल्या फूटपट्टीवर पाणी किती चढलंय.

आता त्या पुलाची शंभरी जवळ आली आहे. जड वाहनं त्यावरून कधीच बंद झाली, शेजारी समांतर पूल उभा राहिला. त्याचा रस्ता कापडपेठेच्या बाजूने कसा न्यायचा यावरून किती वाद झाले ते तुम्हाला सांगायला नको. मग जुन्याचं काय करायचं, ही चर्चा बैठकीत येणारच, आणि अशा चर्चेत पहिली सूचना हमखास रंगीत दिव्यांची असते. ती मांडली जाण्याआधी तुमच्यापुढे एक वेगळी गोष्ट ठेवावी म्हणून हे पत्र.

पूल खुला झाला नोव्हेंबर १९२९ मध्ये. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तो बांधून घेतला आणि उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना आणलं. तो महिना कसला होता बघा. ३१ ऑक्टोबरलाच आयर्विननी हिंदुस्थानच्या वाटचालीचं उद्दिष्ट वसाहतीचं स्वराज्य आहे अशी घोषणा केली होती. डिसेंबरात दिल्लीजवळ त्यांच्या आगगाडीखाली बॉम्ब फुटला, ते वाचले, आणि त्याच महिन्यात लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. या सगळ्या धामधुमीत त्या माणसाने कृष्णाकाठच्या एका संस्थानी गावात येऊन पुलाला आपलं नाव देऊन टाकलं. पुढे ते लॉर्ड हॅलिफॅक्स झाले, ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री झाले. सांगलीला त्याचं काही नाही. इथे आयर्विन हे माणसाचं नाव राहिलेलंच नाही, ते मापाचं नाव आहे. जसा शेर, जशी पायली, तसा आयर्विन.

नदीच्या आठवणीत मात्र माणसं आहेत. जुलै १९४३ मध्ये वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले तेव्हा पावसाळाच होता. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्या दिवशी हुतात्मा झाले. पुलाचं नाव बदलायची टूम उद्या कोणी काढलीच, तर माझी काही हरकत नाही. फक्त खांबावरच्या फूटपट्टीला हात लावू नका.

पुलाच्या अंगाबद्दल थोडं बोलतो. मी इंजिनिअर नाही. पण सरकारी घाटावर बसून या कमानींकडे पन्नास वर्षं बघतोय, आणि गवंडीकामातली माणसं घरात होती, त्यामुळे थोडं कानावर पडलेलं आहे.

दगडी कमानीत दगडाला ताण सोसावा लागत नाही, फक्त दाब. वरून वजन आलं की एक दगड शेजारच्याला दाबतो, तो त्याच्या शेजारच्याला, असं करत ते वजन खांबात आणि खांबातून नदीच्या तळात उतरतं. म्हणून अशा पुलाला अंगचं वजन लागतं. हलकी कमान चांगली कमान नव्हे. पण याच गुणामुळे दोन ठिकाणी जीव अडकलेला असतो. एक, दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे. वरच्या भरावात पावसाचं पाणी मुरलं आणि बाहेर पडायची भोकं डांबराने बुजली, की ते पाणी सांध्यांमधून वाट काढतं आणि येताना सांध्यातला माल धुऊन आणतं. जुन्या दगडी पुलांच्या कमानींखाली पांढरे ओघळ दिसतात, ते हेच. त्याच फटीत कावळा पिंपळाचं बी टाकतो आणि पुढचं काम पिंपळ करतो. दुसरं ठिकाण म्हणजे खांबाचा पाय. पूर आला की पाणी खांबाला वळसा घालताना पायथ्याची वाळू-माती उकरतं. पूर ओसरला की गाळ बसून तो खड्डा झाकला जातो. वरून सगळं ठाकठीक दिसतं.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा जुना दगडी पूल गेला. दोन एसटी बस आणि एक मोटार अंधारात नदीत गेल्या. तो पूल १९२८ चा. आमच्या आयर्विनपेक्षा एका वर्षाने थोरला. ती बातमी आली त्या दिवशी सांगलीत कितीतरी जण उगाचच पुलापर्यंत चालत जाऊन आले. मीही गेलो होतो. कठड्यावर हात ठेवला आणि काय बघायचं तेच कळेना, कारण बघायचं ते सगळं पाण्याखाली होतं.

कमानीची आणखी एक खोड आहे, ती पूर बघणाऱ्यालाच कळते. कमान वर निमुळती होत जाते. पाणी खांबांच्या उंचीत असतं तोवर त्याला पुरेपूर वाट मिळते. कमानीच्या पोटात चढलं, की जितकं पाणी वाढेल तितकी वाट अरुंद. म्हणजे नदीला सगळ्यात जास्त जागा हवी असते तेव्हाच दार अर्धवट लोटलेलं. मात्र त्यासाठी बिचाऱ्या जुन्या पुलाला दोष द्यायला मी तयार नाही. खांब आणि कमानी पाणी अडवतात त्याहून कितीतरी जास्त पाणी पुलांच्या आणि रस्त्यांच्या टोकांना घातलेले भराव अडवतात. नदी पुरात फक्त पात्रातून वाहत नाही, ती शेतातून, ओतातून म्हणजे नैसर्गिक नाल्यांतून, कर्नाळ रस्त्याकडून वाहते. तिथे आडवा भराव टाकला की ती थांबते आणि फुगते. नव्या पुलांच्या कोनशिलेवर लांबी असते, रुंदी असते, खर्च असतो. भरावाखालून पाणी जायला किती मोऱ्या ठेवल्या, तेही एका ओळीत कोरायला काय हरकत आहे?

आता मूळ मुद्द्यावर येतो. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ आहे. कोल्हापूरकरांना राजाराम बंधाऱ्याचे एकोणचाळीस आणि त्रेचाळीस पाठ असतात, नाशिककर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते बघतो, पुणेकर भिडे पूल बुडाला की समजतो. त्यांच्यापेक्षा आमचं मोजमाप बारीक आहे, इंचाचं आहे. आणि तरीही २०१९ ला आम्ही फसलो. का फसलो ते माझ्या घरातल्या एका खिळ्यावरून सांगतो.

आमचं घर गावभागात, जुन्या माळवदाच्या जागी बांधलेलं, पण चौकट जुनीच, सागवानी. २००५ च्या पुरात पाणी घरात आलं. ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहिली होती, सरळ, जशी काय कोणी पाणसळ लावून मारली असावी. वडिलांनी त्या रेघेवर चौकटीत तीन इंची खिळा ठोकला. माझ्या कमरेच्या जरा वर येतो तो. म्हणाले, 'आता पुढच्या वेळी सामान याच्या वर ठेवायचं.' बास. आमच्या घरचं आपत्ती व्यवस्थापन ते एवढं.

२०१९ च्या ऑगस्टात पहिल्या आठवड्यात आयर्विन धोक्यावर गेला. कोयनेतून किती क्युसेक, वारणेतून किती, अलमट्टीतून किती सोडतायत, गल्लीतला प्रत्येक माणूस तज्ज्ञ झाला होता. आम्ही खिळ्याकडे बघून सामान हलवलं. आईचे पितळी डबे, धान्याचे पिंप, गाद्या, माझी वह्या-पुस्तकं, सगळं खिळ्याच्या वर हातभर. फळ्या बांधल्या, टेबलावर टेबल चढवलं. रात्री दोनला शेजाऱ्यांचा फोन. मीच विचारलं,

'आयर्विनला किती?'

'बावन्न, नऊ.'

'थांबंल का वो?'

ते तरी काय सांगणार? आम्ही आईला खांद्याला धरून गुडघाभर पाण्यातून बाहेर काढलं. तो पूर सत्तावन्न फुटांच्या वर जाऊन मगच थांबला. दहा-बारा दिवसांनी घर उघडलं तेव्हा नवी रेघ खिळ्याच्या साडेतीन फूट वर होती. डबे तरंगून दुसऱ्याच खोलीत गेले होते आणि एका डब्यात, झाकण घट्ट म्हणून, शेंगदाणे कोरडे राहिले होते. आईने ते तिथेच, गाळात उभं राहून, सगळ्यांच्या हातावर ठेवले. आमचं गेलं ते सामान. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, त्यांच्यापुढे आमच्या गाद्यांचं काय घेऊन बसायचं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पंचावन्नच्या जवळ. खिळ्याच्या फूटभर वर. या वेळी आम्ही दोन दिवस आधीच निघालो होतो.

त्यानंतर एकदा निवांत बसून मी वजाबाकी केली. फार नाही, तिसरीतल्या पोराची. २००५ ला आयर्विनला त्रेपन्नच्या वर पाणी होतं आणि आमच्या चौकटीत तीन फूट. २०१९ ला सत्तावन्नच्या वर आणि आमच्याकडे साडेसहा फूट. २०२१ ला पंचावन्नला थोडं कमी आणि आमच्याकडे चार फूट. तिन्ही वेळचा हिशेब एकाच ठिकाणी येऊन थांबतो. आमचा उंबरा म्हणजे आयर्विनचे पन्नास-एक्कावन्न फूट. हा एक आकडा मला २०१९ ला माहीत असता, तर बावन्न-नऊचा अर्थ मी रात्री दोनला विचारत बसलो नसतो. संध्याकाळी पन्नास झाले तेव्हाच आईला रिक्षात घातलं असतं.

साहेब, तुमची फूटपट्टी उत्तम आहे. पण ती पुलाच्या खांबावर आहे आणि आम्ही गल्लीत राहतो. मधलं गणित प्रत्येकाने आपापलं, पूर अंगावर येऊन गेल्यावर करायचं, अशी सध्या पद्धत आहे. सांगलीत असे खिळे किती असतील? कोणी दारामागे तारखा लिहिल्यात, कोणी जिन्याच्या पायऱ्या मोजून ठेवल्यात, मारुती चौकातल्या दुकानदाराला कुठलं फडताळ कधी भिजतं ते ठाऊक आहे. सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरच्या लोकांना तर इशारा पातळीच्याही आधी बाडबिस्तरा बांधावा लागतो. त्यांच्यासाठी पंचेचाळीस हा धोका नसतोच, त्यांचा धोका तोवर घरात येऊन बसलेला असतो. एकाच आकड्याने सगळं शहर सावध करणं म्हणजे सगळ्या घरच्या पोरांना एकाच मापाची चप्पल घालण्यासारखं आहे.

तर मागणी अशी आहे. आयर्विनची फूटपट्टी शहरात आणा. पूर येतो त्या प्रत्येक गल्लीत, विजेच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या ओट्यावर एक पाटी लावा. पाटीवर दोनच गोष्टी. 'आयर्विन ४७: इथे रस्त्यावर पाणी.' आणि त्याच्या वर २००५, २०१९, २०२१ च्या रेघा, त्या त्या उंचीला. आकडा मी उदाहरणादाखल लिहिलाय, खरा तुम्ही मोजून टाका. निळी पूररेषा आणि लाल पूररेषा आखायला शहराची उंची-सखलता मोजावीच लागते. निळी साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. ते नकाशे बांधकाम परवान्याच्या फायलीत असतात. घर घेणारा बिल्डरकडे चौकशी करतो, तेव्हा त्याला बाल्कनीतून नदी दिसते हे सांगितलं जातं, रेषा सांगितली जात नाही. पाटी असेल तर कोणाला विचारायलाच नको.

यात एक अडचण आहे आणि ती मीच सांगतो, नाहीतर बैठकीत कोणीतरी ती काढून विषय बाजूला ठेवेल. पुराचं पाणी परातीतल्या पाण्यासारखं सपाट नसतं. पुलाच्या वरच्या अंगाला ते जरा उंच, खालच्या अंगाला जरा कमी. शिवाय खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. तिला पूर असेल तर कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो, शेरीनाल्यातून आणि गटारींतून उलटं शहरात शिरतं. त्यामुळे आयर्विनला तोच आकडा असूनही एखाद्या गल्लीत या पुराला वीतभर कमी, त्या पुराला वीतभर जास्त असं होणार. होऊ दे. मी तीन पुरांचा हिशेब लावला तो फूटभराच्या आत जुळला. रात्री दोनला फूटभर चूक चालते. काहीच माहीत नसणं चालत नाही. आणि दर पुरानंतर रेघ ताजी असतानाच कर्मचारी पाठवून पाट्या दुरुस्त केल्या, तर दोन-तीन पुरांत हे गणित कुठल्याही यंत्राच्या तोडीस तोड होईल. गाळाची रेघ पहिल्या जोरदार सरीत धुऊन जाते, एवढं फक्त लक्षात ठेवा.

जुन्या पुलासाठी वेगळं मागणं फार नाही. पायी जाणाऱ्यांना आणि सायकलींना तो राहू द्या. सांगलवाडीची माणसं पहाटे त्यावरून चालत येतात, संध्याकाळी कठड्याला टेकून भडंग खात नदी बघतात, ऑगस्टात होड्यांच्या शर्यतींना तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्यावर पत्र्याचे गाळे नकोत, खाऊगल्ली नको. कमानींना छिद्रं पाडून केबल आणि नळ टांगणं बंद करा. पिंपळ वरून छाटू नका, त्याने तो अजून फोफावतो, मुळासकट काढून तिथली दर्ज भरून घ्या. जुन्या डांबरावर नवं डांबर चढवून कमानींवरचं ओझं वाढवू नका. आणि दर मोठ्या पुरानंतर पाणबुडे उतरवून खांबांचे पाय तपासा, त्या तपासणीत काय निघालं ते पुलाच्या तोंडाशी, टिळक चौकाच्या बाजूला, मराठीत, मोठ्या अक्षरात लावा. वाईट निघालं तरी लावा. आम्ही घाबरट नाही. पुलावरून भरल्या कृष्णेत उड्या मारणाऱ्यांचं गाव आहे हे. पोलिसांनी शिट्ट्या मारल्या तरी पोरं ऐकत नाहीत.

त्या काळी ज्यांनी खांबांची जागा ठरवली, त्यांनी नावेवर अवलंबून असलेल्या गावाला पावसाळ्यातही पलीकडे नेलं. फूट रंगवणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याही कोनशिलेवर नाही. मला नेहमी त्या माणसाचं कुतूहल वाटतं. होडीत उभा राहून, एका हाताने दगडाला धरून, दुसऱ्या हातात ब्रश. सांगलीने रोज ज्याचं लिहिलेलं वाचलं असा तो एकच लेखक असेल.

शंभरीला समारंभ करा, जरूर करा, व्यासपीठ घाला, हार-तुरे होऊ द्या. त्या दिवशी पहिली पाटी लावायला आमच्या गल्लीचा खांब द्यायला आम्ही तयार आहोत. खिळा अजून चौकटीत आहे. त्याच्या वर आता दोन रेघा मी करवतीने कोरून ठेवल्यात, रंग दिला तरी जाणार नाहीत. तुमच्या माणसाला उंची मोजायचं यंत्र घेऊन पाठवा. दार उघडंच असतं, चहा होईल, शेंगदाणेही मिळतील. फक्त आयर्विनला पन्नास व्हायच्या आत या.

आपला,
गावभागातला एक रहिवासी
सांगली